भाड्याने आणलेले यंत्र आणि आईचा हात

पौष महिन्यात आईच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि घरी सोडताना डॉक्टरांनी तीन आठवड्यांसाठी एक यंत्र भाड्याने आणायला सांगितले. त्याला सीपीएम (कंटिन्युअस पॅसिव्ह मोशन) म्हणतात. पलंगावर ठेवायची लांबट चौकट, तिच्यावर पट्ट्यांनी पाय बांधायचा, किती अंशांपर्यंत आणि किती सावकाश वाकवायचे ते रिमोटवर ठरवायचे, आणि मग ते यंत्र न थकता गुडघा वाकवीत आणि सरळ करीत राहते. (हल्ली अनेक अस्थिरोगतज्ज्ञ हे यंत्र आवश्यकच असते असे मानत नाहीत, आमच्या डॉक्टरांचा त्याच्यावर विश्वास होता आणि आईचा डॉक्टरांवर.) नाशिकमधल्या शालिमारजवळच्या एका दुकानातून मी ते रिक्षात घालून पंचवटीतल्या घरी आणले.

पहिल्या दिवशी आई यंत्राकडे, नव्या भाडेकरूकडे पाहावे तशी पाहत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे नाशिकला असा गारठा पडला होता की चौकटीची पट्टी पोटरीला लागताच ती ओरडली, "अरे, हे लोखंड आहे की बर्फ?" तिने माझ्या पत्नीकडून आपले एक जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे मागवून घेतले आणि त्याच्या घड्या सगळ्या चौकटीवर गुंडाळायला लावल्या. तिसऱ्या दिवसापासून ती यंत्राशी बोलू लागली. "हळू रे बाबा", "हां, आता बरोबर", "झालं का तुझं?" आठवडाभराने माझ्या लक्षात आले की पाय सोडवून घेतल्यानंतर ती यंत्रावर दोनदा थोपटते. आईचे माहेर निफाड तालुक्यातले, शेतकऱ्याचे. औत सोडल्यावर बैलाच्या पाठीवर जशी थाप पडते, तशीच ती थाप होती.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करणाऱ्या रोबोंच्या देखभालीचे काम करतो. आमच्या धंद्यात रोबोचा माणसाला स्पर्श होणे याचा अर्थ अपघात होणे असा आहे. रोबो जाळीच्या आत, आपण बाहेर. जाळीचे दार उघडले की यंत्र थांबलेच पाहिजे. आणि आत जाऊन त्याला नवी हालचाल शिकवायची असेल तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 250 मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. माणसाच्या शेजारी, जाळीशिवाय काम करणारे रोबो आले तेव्हा 2016 मध्ये त्यांच्यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची एक तांत्रिक पुस्तिका निघाली. शरीरावरच्या 29 जागा निवडून, त्या प्रत्येक ठिकाणी किती बल आणि किती दाब चालू शकतो याचे कोष्टक तिच्यात दिले आहे. मी ते कोष्टक कित्येकदा वापरले आहे. दुखणार नाही एवढा स्पर्श म्हणजे काय, हे त्यात अचूक सांगितले आहे. बरा वाटणाऱ्या स्पर्शाबद्दल त्यात एक ओळही नाही, आणि ती नाही हे आईचा हात त्या चौकटीवर पडेपर्यंत माझ्या कधी ध्यानातही आले नव्हते.

तेव्हापासून रात्री आईच्या उशाशी बसून, यंत्राची घरघर ऐकत, मी या विषयावरचे संशोधन वाचू लागलो. प्रश्न साधा होता. यंत्राने माणसाला स्पर्श केला, किंवा माणसाने यंत्राला, तर मेंदू त्याची नोंद कोणत्या खात्यात करतो?

सुरुवात त्वचेपासून करावी लागते. स्पर्श टिपणारे मज्जातंतू सगळे एका जातीचे नसतात. काही जाड असतात, त्यांच्यावर मायलिनचे आवरण असते आणि त्यांच्यातून संदेश सेकंदाला कित्येक मीटर वेगाने धावतो. कोठे लागले, किती जोराने लागले, खरखरीत की गुळगुळीत, हे त्यांच्यामुळे तत्काळ कळते. दुसरी जात बारीक आणि आवरणहीन तंतूंची आहे. त्यांना सी-टॅक्टाइल म्हणतात. त्यांचा संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतो, म्हणजे मनगटावरून निघालेली बातमी पाठीच्या कण्यापर्यंत पोचायलाच अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो. धोक्याची सूचना द्यायला असा टपाली कारभार कुचकामी आहे. हे तंतू मुख्यतः लव असलेल्या त्वचेत, म्हणजे हाताच्या पुढच्या भागात, पायांवर, पाठीवर, गालावर आढळतात, आणि सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर वेगाने, हलकेच फिरणाऱ्या स्पर्शाला ते सर्वांत जोरदार प्रतिसाद देतात. त्यातही तो स्पर्श त्वचेच्या स्वतःच्या तापमानाइतका, सुमारे 32 अंश सेल्सिअस, उबदार असेल तर त्यांचा प्रतिसाद सर्वाधिक असतो. हे वाचताना मला आईचे लुगडे आठवले. तिने हा शोध निबंध न वाचताच लावला होता.

या तंतूंचे काम काय, हे एका स्त्रीरुग्णामुळे स्पष्ट झाले. आजाराने तिच्या शरीरातले जाड तंतू निकामी झाले होते. कातडीला काही टेकले तरी तिला ते नेहमीसारखे जाणवत नसे. 2002 मध्ये हाकन ओलाउसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या हातावरून मऊ कुंचला सावकाश फिरवला, तेव्हा तिला काहीतरी अंधूक पण सुखद जाणवत असल्याचे तिने सांगितले. मेंदूच्या प्रतिमांमध्ये स्पर्श नोंदवणारी मेंदूची नेहमीची पट्टी शांत होती आणि इन्सुला हा, मेंदूच्या घडीत दडलेला व शरीराच्या आतल्या अवस्थांची खबर ठेवणारा भाग जागा झालेला होता. पुढे 2009 मध्ये याच परंपरेतल्या एका प्रयोगात निरनिराळ्या वेगांनी कुंचला फिरवून एकीकडे तंतूंची स्पंदने मोजली आणि दुसरीकडे लोकांना किती बरे वाटले ते विचारले. दोन्ही आलेख एकमेकांशी जुळले: फार हळू नको, फार जलदही नको, मधला वेग सर्वांत गोड.

माझ्यासारख्याला त्या निबंधातली सर्वांत रंजक गोष्ट मात्र कार्यपद्धतीच्या भागात सापडली. वेग आणि दाब दर वेळी तंतोतंत सारखा राहावा म्हणून तो कुंचला रोबोच्या साहाय्याने फिरवला होता. म्हणजे मायेच्या स्पर्शाचे जे विज्ञान आज सांगितले जाते, त्याचा पायाभूत आलेख एका यंत्राच्या हाताने काढलेला आहे, आणि त्या यंत्राचा स्पर्श लोकांना आवडला होता. त्वचेच्या पातळीवर तरी हा प्रश्न निकालात निघतो. वेग, दाब आणि ऊब जमली की तंतू संदेश पाठवतात. हात कोणाचा याची चौकशी करण्याची सोय त्यांच्यात नाही. (जाता जाता एक हिशेब: कारखान्यात आम्ही ज्याला रोबोचा ‘सावकाश’ वेग म्हणतो, तो सेकंदाला तीन सेंटिमीटर या सुखद वेगाच्या आठपटीहून जास्त आहे.)

पण हे तंतू म्हणजे फाटकावरचे वॉचमन आहेत. आत बसलेला साहेब ‘कोण आले आहे?’ असे विचारतोच.

व्हॅलेरिया गात्सोला, ख्रिस्तियन कायसर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत फार बोलका आहे. मेंदूचे कोणते भाग कामाला लागले ते दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात पहुडलेल्या पुरुषांच्या पायावरून हात फिरवला जात होता आणि त्याच वेळी त्यांना कधी एक स्त्री, तर कधी एक पुरुष जवळ येऊन हात फिरवीत असल्याचे चित्रीकरण दाखवले जात होते. प्रत्यक्षात दर वेळी हात एकाच स्त्रीचा होता. तरीही ‘स्पर्श करणारी व्यक्ती कोण’ या समजुतीनुसार मेंदूच्या प्राथमिक स्पर्शपट्टीतला प्रतिसाद बदलला. स्पर्शाची ही अगदी पहिली नोंदवही आहे आणि तिच्यात केवळ कातडीवर काय घडले तेवढेच लिहिले जाते, असे मी समजत होतो. तिथेही हात कोणाचा याचा शेरा आधीच मारलेला असतो, हे मला धक्कादायक वाटले.

रोबोच्या बाबतीत हाच मुद्दा अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये झालेल्या आणि 2011 मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात निराळ्या वाटेने पुढे आला. तिथे कोडी नावाचा परिचारक-रोबो 56 जणांच्या हातावरून आपला यांत्रिक हात फिरवीत असे. काहींना तो सांगे की मी तुमचा हात स्वच्छ करणार आहे. काहींना सांगे की तुम्हाला धीर देण्यासाठी स्पर्श करीत आहे. हालचाल तीच, वेग तोच. लोकांना स्वच्छतेसाठी झालेला स्पर्श अधिक पसंत पडला. धीर देणारा रोबो त्यांना तितकासा रुचला नाही.

हे मला आमच्या घरातल्या अनुभवाशी जुळणारे वाटते. यंत्र दिवसातून तीन वेळा आईचा पाय उचलत होते, पण ते तिचे सांत्वन करीत नव्हते, आणि म्हणूनच तिने त्याला जवळ केले असावे. ते कामाला आलेले होते. त्याच काळात तेल लावून द्यायला एक मावशी येत. त्या दहा मिनिटे चोळत आणि वीस मिनिटे पंचवटी कारंजा चौकातल्या बातम्या सांगत, आणि मावशींच्या हाताविषयी आईच्या सतत तक्रारी असत: आज हात जड आहे, आज लक्ष नाही, आज घाईत आहेत. यंत्राविषयी तिची एकही तक्रार लुगडे गुंडाळल्यानंतर मी ऐकली नाही. मावशींच्या हातात मन आहे, हे तिने धरून चालले होते. म्हणूनच त्या हाताकडून तिच्या अपेक्षा होत्या, आणि म्हणूनच त्याच्यावर रुसताही येत होते.

अपेक्षेचा हा धागा मेंदूच्या आणखी एका कामाशी जोडलेला आहे. आपल्याला स्वतःच्या हाताने गुदगुल्या होत नाहीत, कारण लहान मेंदू आपल्या हालचालीचा परिणाम आधीच वर्तवतो आणि येणारी संवेदना तेवढ्यापुरती दाबून टाकतो. सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी हे दाखवताना 1999 च्या प्रयोगात रोबोच मधे घातला होता. माणसाने डाव्या हाताने एक रोबो हलवायचा आणि दुसऱ्या रोबोने तीच हालचाल त्याच्या उजव्या तळहातावर स्पंजच्या तुकड्याने करायची. दोन्हींमध्ये अंतर नसेल तर गुदगुल्या फारशा होत नसत. पण 100, 200, 300 मिलिसेकंदांचा विलंब घातला की त्या वाढत जात. सेकंदाच्या दशांशानेही ओळख बिघडते आणि स्पर्श परका होतो, इतके हे गणित नाजूक आहे. यावरून माझा तर्क असा की जे यंत्र दर वेळी हुबेहूब तसेच स्पर्श करते, त्याचा स्पर्श काही वेळाने मेंदूला ‘आपलाच’ वाटू लागत असेल, म्हणजे त्याचे परकेपण जात असेल आणि त्याबरोबर त्याची गंमतही. हा तर्क माझा आहे. तो कोणी मोजलेला निष्कर्ष म्हणून वाचू नये. गात्सोला यांच्याच 2007 च्या एका अभ्यासातली नोंद मात्र त्याच्या जवळ जाते: माणसाच्या हाताची क्रिया पाहताना मेंदूचे जे भाग सक्रिय होतात, तेच औद्योगिक रोबोचा पंजा पेला उचलताना पाहूनही सक्रिय झाले, पण रोबोची अगदी तीच हालचाल पुन्हा पुन्हा दाखवली तर तो प्रतिसाद ओसरला. यंत्राची एकच हालचाल वर्षानुवर्षे पाहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांच्यातला एक जण म्हणाला, "म्हणजे आमचा मेंदू 2012 लाच बंद पडला."

आता स्पर्श बाजूला ठेवून सहवासाकडे पाहू. निर्जीव वस्तूत मन पाहण्याची आपली सवय रोबोंच्या फार आधीची आहे. 1944 मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारिअन झिमेल यांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ यांची इकडेतिकडे सरकणारी लहानशी चित्रफीत दाखवून लोकांना ‘काय दिसले?’ असे विचारले. पहिल्या गटातल्या 34 जणांपैकी फक्त एकाने भूमितीच्या भाषेत उत्तर दिले; बाकी सर्वांनी भांडण, पाठलाग, धाक, प्रेम अशी गोष्ट सांगितली. त्रिकोणाला जर स्वभाव असू शकतो, तर पाय उचलून धरणाऱ्या यंत्राला आईने ‘रे’ म्हटले यात नवल काही नाही.

मात्र बोलणे एक आणि मन मानणे दुसरे, आणि मेंदूच्या प्रतिमांमध्ये ही फारकत दिसते. 2008 मध्ये जर्मनीत झालेल्या एका प्रयोगात लोक स्कॅनरमध्ये पडून एक डावपेचांचा खेळ खेळले. प्रतिस्पर्धी म्हणून कधी संगणक, कधी लेगोच्या तुकड्यांचा रोबो, कधी माणसासारखा दिसणारा रोबो, तर कधी खरा माणूस असल्याचे त्यांना सांगितले होते. सर्वांच्या चाली प्रत्यक्षात यदृच्छेने ठरत होत्या. तरीही समोरचा जितका माणसासारखा, तितके दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेणारे मेंदूचे भाग अधिक कामाला लागले. तिएरी शामिनाद यांच्या फ्रान्समधील गटाने 2019 मध्ये याहून जिवंत प्रसंग उभा केला: स्कॅनरमधल्या व्यक्तीने कधी माणसाशी, कधी बोलक्या रोबोच्या चेहऱ्याशी खऱ्याखुऱ्या गप्पा मारायच्या. ऐकण्याबोलण्याचे व्यवहार दोन्हीकडे चालले, पण माणसाशी बोलताना हायपोथॅलॅमससारखा खोलवरचा भाग आणि मनाचा ठाव घेणाऱ्या जागा अधिक सक्रिय होत्या. शब्दांचा व्यवहार रोबोशी होतो; पण शरीराच्या तळघरातला दिवा माणसासाठी जास्त उजळतो.

दया येते का, हाही प्रश्न विचारला गेला आहे. अ‍ॅस्ट्रिड रोझेनथाल-फॉन देर प्युटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 च्या सुमारास प्लिओ नावाच्या डायनोसॉरच्या पिल्लासारख्या खेळण्याला कुरवाळल्याच्या आणि छळल्याच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. छळ पाहताना लोक अस्वस्थ झाले. त्यांनी 14 जणांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा प्रेमाने वागवल्याची दृश्ये पाहताना माणूस आणि रोबो यांना मिळणारा प्रतिसाद बराच सारखा निघाला. छळाच्या दृश्यांत मात्र माणसाचे पारडे जड झाले. जपानमध्ये तोयोहाशी आणि क्योतो इथल्या संशोधकांनी 2015 मध्ये 15 जणांना माणसाचे आणि रोबोचे बोट कापले जात असल्याची चित्रे दाखवून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत्-लहरींचा आलेख, घेतला. वेदनेची सहानुभूती दोन्हींसाठी उमटली, पण विचारपूर्वक मूल्यमापनाच्या टप्प्याचा आरंभ रोबोच्या बाबतीत क्षीण होता. हळहळ आधी येते; ‘पण हा तर रोबो’ हे मागाहून येते आणि तिला आवर घालते, असे मी यावरून समजतो.

जवळजवळ माणसासारखा, पण पूर्णपणे नव्हे, असा दिसणारा रोबो अंगावर काटा आणतो, याची चर्चा 1970 मध्ये मासाहिरो मोरी यांनी सुरू केली, आणि आयशे पिनार सायगिन यांच्या 2012 च्या अभ्यासात त्याचे मेंदूतले एक कारण सुचवले गेले: दिसणे माणसाचे आणि हालणे यंत्राचे, असा बेबनाव झाला की मेंदूचे भाकीत चुकते आणि त्याला दुप्पट काम करावे लागते. आमच्या सीपीएमला हा धोका नव्हता. ते कोणासारखेच दिसत नव्हते.

आणि कोणासारखे दिसू नये हीच हुशारी पारो या रोबोत आहे. ताकानोरी शिबाता यांनी जपानमध्ये 1993 पासून विकसित केलेले, ध्रुवीय समुद्रातल्या सीलच्या पिल्लाच्या रूपातले हे सुमारे 2.7 किलो वजनाचे खेळणे 2009 पासून अमेरिकेत वैद्यकीय साधन म्हणून मान्य आहे आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या देखभालीत वापरले जाते. मांजर किंवा कुत्रा केला असता, तर प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या मांजराशी त्याची तुलना केली असती. सीलचे पिल्लू कोणी पाळलेले नसते, म्हणून अपेक्षाभंगही होत नाही. वजन साधारण तान्ह्या बाळाएवढे आहे, हेही सहज झालेले नसावे.

पारोविषयीचा मला सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठातून 2020 मध्ये आला. 83 निरोगी तरुणांना सौम्य आणि तीव्र उष्णतेचे चटके देऊन वेदना किती जाणवते ते विचारले गेले. पारोबरोबर असताना वेदना कमी जाणवली, त्याला कुरवाळताना विशेष, आणि मनःस्थितीही सुधारली. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे. पण लाळेतील ऑक्सिटोसिन, ज्याला वर्तमानपत्रे हौसेने ‘मायेचे संप्रेरक’ म्हणतात, ते वाढण्याऐवजी उतरले. संशोधकांनी याचा संबंध ताण कमी होण्याशी लावला आहे, आणि तो पटण्याजोगा आहे, कारण ऑक्सिटोसिन ताणाच्या वेळीही वाढते. तरी मला त्यात एक शक्यता दिसते. वेदना शमवायला त्या तरुणांना नात्याची गरज पडली नसेल. हाताला कुरवाळायला काहीतरी मऊ मिळाले, एवढ्यानेच भागले असेल.

हे सगळे वाचून माझे मत असे बनले आहे की रोबो आणि स्पर्श याबद्दल बोलताना आपण दोन निराळ्या गोष्टी एकत्र कालवतो. माणसाने रोबोला कुरवाळणे आणि रोबोने माणसाला कुरवाळणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात माया माणसाची असते, तिला फक्त ठेवायला जागा लागते. दुसऱ्यात माया असल्याचा दावा यंत्र करते, आणि कोडीच्या प्रयोगातल्या लोकांप्रमाणे मेंदू तिथे भुवई उंचावतो. आलिंगन देणारे रोबोही झाले आहेत. अलेक्सिस ब्लॉक आणि कॅथरिन कुचेनबेकर यांच्या रोबोच्या मिठीत लोकांनी मऊपणा, ऊब आणि ‘मी सुटू पाहतो तेव्हा सोड’ एवढे मागितले. शेवटची अट मला फार समंजस वाटते.

निर्जीवाला स्पर्श करून त्याला सजीव मानण्याचा सराव आपल्याकडे काही कमी नाही. पंढरपूरला मुखदर्शनाची रांग लहान असते, तरी पायावर डोके टेकता यावे म्हणून माणसे पदस्पर्शाच्या लांबलचक रांगेत तासन् तास उभी राहतात. आषाढीला रात्रंदिवस उभा राहून देव थकला, म्हणून प्रक्षाळपूजेत त्याला ऊन पाण्याने न्हाऊ घालतात. पोळ्याला ज्यांच्या दावणीला बैल नाही, ते मातीची जोडी आणून तिला नैवेद्य दाखवतात. आमच्या कारखान्यात दसऱ्याला प्रत्येक रोबोच्या बाहूला झेंडूची माळ चढते, आणि तीन नंबरच्या रोबोला, त्याने एकदा कोणाचा तरी हात वेळेवर थांबून वाचवला तेव्हापासून, पोरे ‘अण्णा’ म्हणतात. मूर्ती आणि यंत्र यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही, पण या सर्वांत एक साम्य आहे की स्पर्श आपल्याकडून जातो आणि परत येण्याचा हट्ट कोणी धरत नाही. ज्या यंत्रात ‘परत येणारी’ माया कारखान्यातून भरून दिलेली असते, त्याच्याविषयी मी साशंक आहे. आईसारख्या शहाण्या म्हातारीला यंत्र आहे हे माहीत असते. स्मृतिभ्रंश झालेल्याला ते माहीत असेलच असे नाही, आणि तिथे त्या मायेचा हिशेब कोणाच्या नावावर लिहायचा, हे तंत्रज्ञांनी ठरवण्याचे काम नाही.

या संशोधनाला मर्यादाही आहेत. एफएमआरआयच्या चुंबकाजवळ धातूचा रोबो नेता येत नाही, त्यामुळे स्कॅनरमध्ये बहुतेक वेळा रोबोचे चित्रच दाखवले जाते आणि प्रत्यक्ष स्पर्श प्रयोगाबाहेर राहतो. सहभागी होणारे दहा-वीस-ऐंशी, आणि तेही बहुधा विद्यापीठातले तरुण. पंचवटीतल्या शहात्तर वर्षांच्या, गुडघा बदललेल्या बाईचा मेंदू अशा कोणत्या आलेखावर बसतो, हे त्यातून काढणे धाडसाचे आहे.

एकविसाव्या दिवशी गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकू लागला आणि दुकानातला मुलगा यंत्र न्यायला आला. आईने लुगड्याच्या घड्या सोडवून घेतल्या, त्याला दोन मिनिटे थांबवले आणि चौकटीला हळदीकुंकवाची बोटे लावली. मुलगा हसला, मग त्याला वाटले आपण हसायला नको होते, आणि त्याने पायातले बूट काढले.

डावा गुडघा दिवाळीनंतर करायचा आहे. परवा तारीख ठरवताना डॉक्टरांसमोरच आईने मला विचारले, "तेच मशीन आणशील ना रे?" दुकानात तशी आठ-दहा यंत्रे आहेत, सगळी एकाच कंपनीची, एकाच रंगाची, आणि त्यांत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही. मी दुकानात जाऊन आमच्याकडे आले होते त्या यंत्राच्या पाटीवरचा क्रमांक वहीत लिहून घेतला. कुंकवाचा पुसट डाग अजून होता, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही.